अभिप्राय मोजावा की वाचावा?

शैक्षणिक वर्ष सरत आले की आमच्याकडील महाविद्यालयांतून एक छापील कागद फिरू लागतो. शिक्षकांनी अभ्यासक्रम किती पूर्ण केला, ते तयारी करून येत होते काय, समजेल असे शिकवीत होते काय, असे प्रश्न त्यावर असतात आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन. विद्यार्थी खुणा करतात, कार्यालयात बेरीज होते, बेरजेला भागले जाते आणि प्राध्यापकाच्या नावापुढे एक आकडा येऊन बसतो. कागदाच्या तळाशी दोन-तीन ओळी मात्र रिकाम्या सोडलेल्या असतात. आणखी काही सांगावयाचे असल्यास ते तेथे लिहावे, अशी सोय. बहुतेक विद्यार्थी ती जागा कोरीच ठेवतात. जे लिहितात, त्यांचे लिहिणे बेरजेत धरता येत नाही, म्हणून ते बहुधा कोणी वाचतही नाही. आमचा हा लेख त्या तळच्या ओळींविषयी आहे.

आम्ही मराठीचे अध्यापक; मानसशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही लिहिण्याचे धाडस करीत आहोत, त्याला एक निमित्त आहे. काही वर्षांपूर्वी किनवटच्या परिसरातील एका महाविद्यालयात आरोग्य मानसशास्त्राची अभ्यासपत्रिका आणि ती शिकविणारे प्राध्यापक यांविषयीचे विद्यार्थ्यांचे अभिप्राय आमच्या हाती आले. तेही वाचण्यासाठी नव्हे, अक्षर लावून देण्यासाठी. उत्तरपत्रिका तपासून तपासून मराठीच्या माणसाला कोणतेही अक्षर लागते असा एक समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. खुणांची बेरीज आधीच झाली होती. आकडा उत्तम होता. प्राध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक व्हावयाची. अशा माणसाला चांगल्या आकड्याचा केवढा आधार वाटतो, हे या व्यवसायातील वाचकांना सांगावयास नको. अहवालात जोडण्यासाठी तळच्या ओळींतून चार चांगली वाक्ये काढून द्यावीत, एवढीच आमच्याकडून अपेक्षा होती.

चांगली वाक्ये पुष्कळ होती. सर छान शिकवतात, विषय आवडला, अशा धर्तीची. परंतु दोन कागदांपाशी आम्ही थांबलो. एका विद्यार्थ्याने तक्रार केली होती की सर सिलॅबस सोडून शिकवतात. परीक्षेला न येणारे सिकलसेल दोन तास चालले. दुसऱ्या कागदावर एवढेच होते की घरातले वर्गात विचारू नये, आणि त्या दिवशी आपण म्हणूनच काही बोललो नाही. लिहिणारी मुलगी होती, हे क्रियापदावरून कळत होते. निनावी अभिप्रायाची आपल्या भाषेत ही एक अडचणच आहे. नाव लपविले तरी मराठीचे क्रियापद लिंग सांगून मोकळे होते. विशेष म्हणजे त्याच कागदाच्या वरच्या भागात तिने सरांना प्रत्येक चौकोनात सर्वांत वरची श्रेणी दिली होती.

अहवालाच्या हिशेबाने पहिला कागद निंदेचा आणि दुसरा स्तुतीचा. आम्हांला मात्र वाचता वाचता हे दोन्ही कागद उलटे दिसू लागले. तसे ते का दिसले, हे सांगण्यासाठी आधी या विषयाकडे आणि मग आमच्या मुलखाकडे वळावे लागेल.

आरोग्य मानसशास्त्र ही ज्ञानशाखा तशी तरुण. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेत तिचा स्वतंत्र विभाग १९७८ साली झाला. त्याच्या आदल्याच वर्षी जॉर्ज एंगेल या वैद्यकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध लिहून असे मांडले होते की आजार म्हणजे केवळ शरीरातील बिघाड नव्हे. शरीर, मन आणि समाज या तिहींच्या गुंत्यातून तो घडतो आणि उपचारानेही या तिहींचा विचार केला पाहिजे. याच आराखड्यासह ही शाखा आपल्या अभ्यासक्रमांत आली. ताण आणि त्याला तोंड देण्याच्या रीती, वेदना, जुनाट आजारासह जगणे, रुग्ण आणि डॉक्टर यांचे नाते, व्यसने, आरोग्याच्या सवयी अशी तिची प्रकरणे असतात.

तिच्यातील एक जुना सिद्धान्त आम्हांला विशेष भावला. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयाच्या तपासणीसाठी क्ष-किरणांच्या फिरत्या गाड्या लोकांच्या वस्तीजवळ नेल्या. तपासणी फुकट होती, तरी पुष्कळ लोक आले नाहीत. ते का आले नाहीत, हे तेथील सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी त्यांना दोष न देता विचारले. त्यातून असे दिसले की हा आजार मलाही होऊ शकतो आणि लवकर कळला तर काही उपाय आहे, या दोन्ही गोष्टी मनाला पटल्याशिवाय माणूस गाडीची पायरी चढत नाही. यातूनच पुढे आरोग्यविषयक समजुतींचे प्रारूप उभे राहिले. या शास्त्राच्या एका महत्त्वाच्या विचाराचा उगमच, जे आले नाहीत त्यांचे म्हणणे ऐकण्यात आहे, ही गोष्ट अभिप्रायांचा विचार करताना लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

आता हा विषय किनवटच्या वर्गात आणून पाहावा. पैनगंगेच्या काठचा हा तालुका नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला, आदिलाबादच्या सीमेवर आहे. जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर. वर्गात गोंड, प्रधान, कोलाम, आंध, बंजारा अशा समाजांची मुले-मुली असतात. घरी कोणी गोंडी बोलतो, कोणी कोलामी, कोणी गोरमाटी, कोणी तेलुगू. मराठी ही त्यांच्यापैकी अनेकांची शाळेची भाषा. कितीतरी जण घराण्यातून महाविद्यालयाची पायरी चढलेले पहिलेच. तालुक्यातील उनकेश्वर येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथील स्नानाने त्वचेचे विकार बरे होतात या श्रद्धेने लोक येतात. शेजारच्या माहूरला रेणुका आहे, दत्तशिखर आहे. तेथे नवस बोलण्यासाठी येणाऱ्यांत दुखण्याखुपण्याचे नवस थोडे नसतात. गावात भगत आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि आजार फारच वाढला तर नांदेडचा मोठा दवाखाना आहे. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती, ही बातमी देशभर गेली. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील विश्वास हे प्रकरण या मुलखातील विद्यार्थी केवळ पाठ्यपुस्तकाच्या आधारे कसे वाचील?

सिकलसेलचेही तसेच. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि बाळ वाहक असण्याची ५० टक्के. गोंड, प्रधान यांसारख्या आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार हटविण्याचे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट सांगितले गेले. तपासणी म्हणजे रक्ताचा थेंब, इतके ते सोपे नाही. मुलगी वाहक आहे हे कळले तर सोयरिकीच्या वेळी ते सांगावयाचे की झाकावयाचे? सांध्यांत कळा येऊन अंथरुणाला खिळलेल्या मुलाला आळशी म्हणणाऱ्या बापाला नंतर खरे कारण कळले तर त्याने स्वतःला काय सांगावयाचे? जुनाट आजारासह जगणे या प्रकरणाचा आमच्या मुलखातील अर्थ असा आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे मात्र हृदयविकार, कर्करोग आणि मधुमेह यांची असतात. तेही आजार आमच्याकडे आहेतच. पण केवळ त्यांच्यावर थांबले की विषय कुठल्या तरी शहरात घडत राहतो.

प्राध्यापकांनी सिकलसेलवर दोन तास घालविले, ते यासाठी. मग त्या विद्यार्थ्याची तक्रार खोटी म्हणावयाची काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्याला परीक्षा द्यावयाची होती आणि प्रश्नपत्रिकेत सिकलसेल येणार नव्हते. जो विद्यार्थी एस.टी.ने तासभर प्रवास करून येतो, पुस्तकांऐवजी गाईडवर भागवितो आणि ज्याच्या घरात पदवीकडे नोकरीची पहिली शक्यता म्हणून पाहिले जाते, त्याने गुणांचा हिशेब केला तर त्यात उथळपणा काही नाही. त्याचे वाक्य नीट वाचले तर त्याचा रोख प्राध्यापकांपेक्षा अभ्यासक्रमावर आहे. जे आपल्या घरात आहे ते परीक्षेत नाही आणि जे परीक्षेत आहे ते आपल्या घरात नाही, असे त्याला म्हणावयाचे असावे. ते म्हणण्यासाठी त्याच्यापाशी सिलॅबस हा एकच शब्द होता. आणखी एक गोष्ट. त्या गठ्ठ्यात सर छान शिकवतात असे लिहिणाऱ्या एकानेही काय शिकवले ते लिहिलेले नव्हते. विषयातील एका गोष्टीचे नाव घेणारा आणि तिला किती तास दिले हे लक्षात ठेवणारा हा तक्रारदार एकटाच. वर्गात तो लक्ष देऊन बसला होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

दुसरा कागद अधिक अवघड. चौकशी केल्यावर कळले ते असे. व्यसनांचे प्रकरण शिकविताना प्राध्यापकांनी वर्गाला विचारले होते की तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरी दारू आहे, तिचा घरच्यांवर काय परिणाम होतो, सांगा. हेतू चांगला होता. अनुभवाशी जोडून शिकवावे, असे आम्हीच एकमेकांना सांगत असतो. काही मुले बोलली, तास रंगला आणि पुष्कळांच्या मनात तोच तास राहिला असावा. कारण छान म्हणणाऱ्या कागदांत त्या चर्चेचा मोघम उल्लेख अधूनमधून होता. पण एक मुलगी बाकावर खाली मान घालून बसली होती. शेजारच्या गावातले, कदाचित भावकीतले मुलगे त्याच वर्गात बसलेले. तिने काही सांगितले असते तर ते संध्याकाळच्या आत तांड्यावर पोहोचले असते. न सांगावे तर गप्प बसण्याचाही अर्थ लावला गेला असता. तिला सर आवडत होते, म्हणून चौकोनांत तिने कसूर केली नाही. जे खुपले ते तिने तळाशी लिहिले. आकड्याने तिला समाधानी विद्यार्थिनी ठरविले.

एखाद्या चांगल्या प्राध्यापकाला उपयोगी पडेल असे त्या सबंध गठ्ठ्यात काही असेल तर ते हे एक वाक्य होते. सरासरीत ते कुठेच दिसत नव्हते. उलट तिच्या पूर्ण गुणांमुळे सरासरी वाढलीच होती.

विद्यार्थ्यांनी शिक्षकांना श्रेणी देण्याची ही रीत जवळजवळ शतकभराची आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स या मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात ती पद्धतशीर रूपात आणली. त्याची आणि त्याच्या सहकाऱ्याची श्रेणीपट्टी १९२७ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून या आकड्यांवर पुष्कळ संशोधन झाले आणि त्यांतील काही निष्कर्ष विचारात पाडणारे आहेत. १९७० मध्ये मायकेल फॉक्स नावाच्या एका नटाला डॉक्टर फॉक्स म्हणून मनोवैद्यक, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्यापुढे उभे करण्यात आले. व्याख्यानात अर्थ जवळजवळ नव्हता. परस्परविरोधी विधाने, गोलमोल शब्द आणि विनोद होते. बोलण्याची ढब मात्र प्रसन्न होती. श्रोत्यांनी त्याला चांगले अभिप्राय दिले. १९७३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे २०१० मध्ये कॅरेल आणि वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीतील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तेथे विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. ज्या प्राध्यापकांच्या वर्गात विद्यार्थ्यांना चालू विषयात चांगले गुण मिळत, त्यांना अभिप्रायही चांगले मिळत. पण तेच विद्यार्थी पुढच्या वरच्या विषयांत मागे पडत असल्याचे आढळले. २०१५ मधील एका अभ्यासात दूरस्थ वर्ग शिकविणाऱ्या एका पुरुषाने आणि एका स्त्रीने आपापली नावे आलटून पालटून वापरली. शिकविणारा पुरुष आहे अशी समजूत असलेल्या विद्यार्थ्यांनी अधिक वरच्या श्रेणी दिल्या. २०१७ साली उटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून असे दाखविले की अभिप्रायांचे आकडे आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले, यांत नोंद घ्यावी असा संबंध दिसत नाही.

येथवर वाचून काही प्राध्यापक मित्रांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले असेल. त्यांना आम्ही नम्रपणे थांबवू इच्छितो. विद्यार्थ्यांचे मत निरर्थक आहे, असे यांतले एकही संशोधन सांगत नाही. आपल्या परंपरेत गुरूविषयी मत देणेच अनुचित मानले गेले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वर्गाच्या बाहेर बसविले त्यांनी आत आल्यावर आतल्या माणसाविषयी काही बोलावे, हे आपल्याला अजूनही पुरते रुचत नाही. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, म्हणजे आपली नॅक, १९९४ साली स्थापन झाली आणि योगायोगाने नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षीचे. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आले, त्यात खुणांच्या वीस प्रश्नांनंतर एकविसावा प्रश्न मोकळ्या सूचनांचा होता. कागद फिरू लागला तो अशा व्यवस्थांच्या दडपणामुळे. आपणहून आपण तो क्वचितच फिरविला असता, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा विद्यार्थ्यांचे मत घेणे बंद करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमची तक्रार एवढीच की आपण ते मोजतो आणि मोजून झाल्यावर वाचले असे समजतो.

वाचणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे आणि तेही आरोग्याच्याच विषयातले. पर्ड्यूची श्रेणीपट्टी निघाली त्याच १९२७ साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाविषयीच्या मतांमुळे १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली होती. वर्ग सुटला, पण विद्यार्थी सुटले नाहीत, असे म्हणावयास हरकत नाही. कारण वाचक त्यांना प्रश्न विचारीत आणि ते मासिकातून उत्तरे देत. घरात, वर्गात, दवाखान्यात कोठेही उच्चारता येणार नाहीत असे ते प्रश्न. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. लोकांना शंका असतील तर त्यांचे निरसन ज्ञानानेच व्हावयाचे, मग विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्या बचावाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, त्यांच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, चालत राहिले.

या उदाहरणात आम्हांला त्या मुलीच्या वाक्याचे उत्तर सापडते. कर्व्यांनी वाचकाला उभे करून तुझ्या घरी काय चालते असे विचारले नाही. विचारण्याची वेळ आणि आडोसा वाचकाने स्वतः निवडला. कर्व्यांनी उत्तर देण्याची जबाबदारी घेतली. आमच्या प्राध्यापक मित्राने हेच उलट केले. त्याने प्रश्न विचारला आणि उत्तराची जोखीम विद्यार्थ्यांवर टाकली. आरोग्याच्या, विशेषतः मनाच्या आरोग्याच्या वर्गात हा भेद फार मोठा आहे. कथा-कविता शिकविताना आम्हीही कितीदा तो विसरतो. दलित आत्मकथन शिकविताना त्या समाजातील मुलाकडे सगळा वर्ग वळून पाहतो आणि प्राध्यापक त्याला आपला अनुभव सांगावयास लावतात. तेव्हा त्या मुलाने तळच्या ओळीत काय लिहिले असते, हे आम्ही कधी पाहिले आहे काय?

साहित्याच्या माणसांना हे कळावयास खरे तर अवघड जाऊ नये. एखाद्या कादंबरीविषयी शंभर वाचकांनी दिलेल्या श्रेणींची सरासरी काढून तिलाच समीक्षा म्हणावे, असे कोणी सुचविले तर आपण हसू. १९६३ च्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर आपल्या महाविद्यालयाविषयी जे बोलतो, तो एका विद्यार्थ्याचा अभिप्रायच आहे, त्यावर पाच चौकोन छापून खुणा करावयास सांगितल्या असत्या तर मराठी कादंबरीच्या हाती काय लागले असते? शब्दांमागचा स्वर, न लिहिलेला भाग, एका शब्दाने दुसऱ्या शब्दाचे काम करून घेणे, हे आपण एम.ए.च्या वर्गांत शिकवितो. छान या शब्दात काहीच सांगितलेले नसते आणि सिलॅबस या शब्दात पुष्कळ काही दडलेले असते, हे ओळखण्याचे शिक्षण आपले झालेले आहे. मग वर्षअखेरीचा गठ्ठा समोर आला की ते शिक्षण बाजूला ठेवून आपण कारकुनी का पत्करतो?

त्यात आरोग्य मानसशास्त्रासारख्या विषयात तर समाधान हे मापच संशयास्पद आहे. या विषयाचा एखादा तास खरोखर चांगला झाला तर विद्यार्थी अस्वस्थ होऊन घरी जाण्याचा संभव अधिक. भावाच्या कळांना आपण सोंग म्हणत होतो, हे ज्या दिवशी त्याला कळते त्या दिवशी तो समाधानी कसा असेल? त्याच्यापाशी भाषाही आयती नसते. ताण, समायोजन, मनोशारीरिक विकार हे पुस्तकातले शब्द. घरातले शब्द निराळे. घरी आईचा जीव लागत नाही, बापाचे डोके फिरते, बहिणीच्या काळजात धस्स होते. ज्याची घरची भाषा गोंडी किंवा कोलामी आहे, त्याला तर घरातून मराठीत आणि मराठीतून परिभाषेत असे दोन उतारे पार करावे लागतात. एवढे करून त्याने तळाशी एक ओळ लिहिली असेल, तर तिचे मोल आपण कमी लेखू नये.

आमच्या सूचना मोठ्या नाहीत आणि त्यांना अनुदानही लागत नाही. पहिली, अभिप्राय वर्षअखेरीस एकदाच न घेता अर्ध्या वर्षातही घ्यावा, म्हणजे जे बदलावयाचे ते त्याच विद्यार्थ्यांसाठी बदलता येईल. आज विद्यार्थी तक्रार करतो आणि तिचा लाभ झालाच तर पुढच्या तुकडीला होतो. दुसरी, समाधानी आहात काय याऐवजी किंवा त्याच्या जोडीला असे विचारावे की या विषयातील कोणती गोष्ट तुम्ही घरी जाऊन सांगितली आणि कोणती सांगता आली नाही. उत्तर कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा असावी. तिसरी, तळच्या ओळी निवड न करता, सगळ्याच्या सगळ्या, पण दुसऱ्याच्या अक्षरात उतरवून आणि लिहिणाऱ्याची ओळख पुसून, प्रथम त्या प्राध्यापकाच्या हाती द्याव्यात. तासिका तत्त्वावरील माणसाची पुढची नेमणूक त्यांवर टांगू नये. नाहीतर तो विद्यार्थ्यांना दुखवील असे काहीच शिकविणार नाही, आणि विद्यार्थीही त्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून खरे लिहिणार नाहीत. चौथी, पदवी घेऊन दोन-तीन वर्षे झालेल्यांनाही विचारावे. तोवर परीक्षेची भीती गेलेली असते आणि वर्गातले काय उपयोगी पडले ते कळू लागलेले असते. सिकलसेलचे दोन तास वाया गेले की नाही, हे तो तक्रारदार स्वतःच्या किंवा बहिणीच्या लग्नाच्या वेळी अधिक नेमके सांगू शकेल.

आता एक कबुली. त्या वर्षी अहवालासाठी आम्ही चार चांगली वाक्ये काढून दिली. ती दोन वाक्ये त्यांत नव्हती. पहिल्याने प्राध्यापकांचे नुकसान होईल अशी भीती वाटली आणि दुसरे अहवालात शोभणार नाही असे वाटले. म्हणजे ज्या चुकीबद्दल आम्ही येथे इतके लिहीत आहोत ती आमच्याही हातून झाली आहे. वाचता येत असूनही आम्ही मोजणाऱ्यांनाच सामील झालो. नंतर मात्र चैन पडेना. दोन्ही वाक्ये आम्ही वेगळ्या कागदावर उतरविली, दुसऱ्याचे क्रियापद बदलले आणि चहाच्या वेळी त्या प्राध्यापकांना दिली. पहिले वाचून ते हसले. पुढच्या वर्षी सिकलसेल शिकवीनच, पण ते प्रश्नपत्रिकेतल्या कोणत्या प्रश्नाला जोडून लिहावयाचे हेही सांगेन, असे म्हणाले. दुसरे वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच विचारले की तिला काही त्रास तर झाला नाही ना. त्यानंतर त्यांनी व्यसनांच्या प्रकरणाला कोणालाही काही विचारले नाही. वर्गाबाहेर एक पेटी ठेवली आणि विचारावयाचे ते चिठ्ठीवर लिहून टाकण्यास सांगितले. पहिले काही दिवस पेटी रिकामीच होती, असे ते सांगत. नंतर चिठ्ठ्या येऊ लागल्या.

पुढे त्यांची नेमणूक दुसऱ्या गावी झाली. त्यांचा उत्तम आकडा येथल्या फायलीत आहे. या वर्षीचे गठ्ठेही आता बांधले जातील. ज्यांच्या हाती ते येतील त्यांना आमची विनंती एवढीच की बेरीज कार्यालयाला करू द्यावी आणि आपण कागद उलटा धरून तळापासून वाचावयास लागावे.